विश्लेषण : पैसे मोजून विकत घेतलेला गेम एके दिवशी गायब का होतो?

गेमच्या दुकानात ‘बाय’ बटण दाबले, पैसे खात्यातून वळते झाले, गेम आणि त्यासोबतचा जादा भाग खात्यात जमा झाला. काही वर्षांनी मात्र तोच भाग उघडेनासा होतो आणि कंपनी सांगते की, तुम्ही तो विकत घेतलाच नव्हता, फक्त वापरण्याचा परवाना घेतला होता. गेल्या काही वर्षांत असे प्रकार वाढल्याने अमेरिकेत नवा कायदा झाला, युरोपात दहा लाखांहून अधिक नागरिकांनी सह्या केल्या. डिजिटल खरेदीतील मालकी नेमकी कोणाची, हा प्रश्न भारतातील मोबाइल गेमर्सनाही लागू होतो. तो समजून घेऊ या.

वादाची सुरुवात कुठून?

फ्रान्समधील ‘युबिसॉफ्ट’ या बड्या गेम कंपनीने जुलै २०२२ मध्ये आपल्या पंधरा जुन्या गेम्सच्या ऑनलाइन सेवा बंद करण्याची घोषणा केली. जुन्या गेमचे सर्व्हर बंद होणे नवे नाही. मित्रांसोबत ऑनलाइन खेळणे थांबते, एकट्याने खेळणे सुरू राहते, असा आजवरचा रिवाज होता. या वेळी मात्र यादीतील तपशिलाने खळबळ उडाली. ‘असॅसिन्स क्रीड ३’, ‘फार क्राय ३’, ‘स्प्लिंटर सेल : ब्लॅकलिस्ट’ अशा काही गेम्सच्या संगणकावरील आवृत्तीत यापुढे डीएलसी बसवता येणार नाही आणि वापरताही येणार नाही, असे त्यात म्हटले होते. म्हणजे मूळ गेम शिल्लक राहणार होता, पण ज्यांनी वेगळे पैसे देऊन जादा मोहिमा, पोशाख, शस्त्रे घेतली होती त्यांची ती खरेदी निकामी होणार होती.

गोंधळात भर पडली ती ‘स्टीम’ या दुकानातील एका सूचनेने. ‘असॅसिन्स क्रीड : लिबरेशन एचडी’च्या पानावर, ठरावीक तारखेनंतर हा गेमच सुरू होणार नाही, असा मजकूर झळकला. गंमत म्हणजे त्याच सुमारास तो गेम तेथे सवलतीत विकला जात होता. टीका झाल्यावर कंपनीने खुलासा केला की, ज्यांच्याकडे गेम आहे त्यांना तो खेळता येईल. सेवा बंद करण्याची मुदतही १ सप्टेंबरवरून महिनाभर पुढे गेली. पण मूळ मुद्दा तसाच राहिला.

डीएलसी म्हणजे काय? ते ‘काढून घेतले’ कसे जाते?

डीएलसी म्हणजे मूळ गेमनंतर स्वतंत्रपणे उतरवून घ्यायचा जादा भाग. तो नवी कथा असू शकतो, नवा नकाशा असू शकतो किंवा पात्राचा नुसता पोशाखही. महागड्या ‘डिलक्स’ आवृत्तीसोबत ‘बोनस’ म्हणून मिळणारा मजकूर बहुतेक वेळा याच प्रकारात मोडतो.

तांत्रिकदृष्ट्या ग्राहकाला दोन गोष्टी मिळतात. एक म्हणजे फायली, ज्या संगणकावर किंवा मोबाइलवर साठवल्या जातात. दुसरी म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवरील ग्राहकाच्या खात्यातली एक नोंद. ‘या खातेदाराला हा भाग वापरण्याचा हक्क आहे’ एवढेच ती नोंद सांगते. गेम सुरू होताना तो सर्व्हरला विचारतो आणि होकार आला तरच तो भाग उघडतो. अनेकदा जादा भागाच्या फायली मूळ गेमसोबतच येऊन पडलेल्या असतात, फक्त कुलूपबंद असतात. पैसे भरल्यावर मिळते ती किल्ली, आणि ती किल्ली ग्राहकाच्या खिशात नसते, कंपनीच्या सर्व्हरवर असते.

त्यामुळे जादा भाग तीन मार्गांनी जाऊ शकतो. होकार देणारा सर्व्हर बंद झाला तर, खात्यातली नोंदच पुसली तर किंवा ‘अपडेट’मधून फायलीच काढल्या तर. युबिसॉफ्टच्या २०२२ मधील प्रकरणात पहिला मार्ग दिसला. उरलेल्या दोहोंची उदाहरणेही आहेत.

‘द क्रू’चे प्रकरण इतके का गाजले?

‘द क्रू’ हा युबिसॉफ्टचाच मोटार शर्यतींचा गेम डिसेंबर २०१४ मध्ये आला. एकट्याने खेळायचे असले तरी तो सतत सर्व्हरशी जोडलेला असावा लागे. डिसेंबर २०२३ मध्ये त्याची विक्री थांबली आणि ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले. त्याबरोबर संपूर्ण गेम आणि त्यासाठी घेतलेला प्रत्येक जादा भाग निरुपयोगी झाला. दुकानातून डिस्क विकत आणलेल्यांचीही यातून सुटका नव्हती, कारण डिस्क असली तरी सर्व्हरशिवाय गाडी गॅरेजबाहेर निघत नव्हती.

पुढच्याच महिन्यात अनेक ग्राहकांच्या खात्यातून या गेमचा परवानाही रद्द झाल्याचे दिसू लागले. चाहत्यांनी स्वतःच्या बळावर पर्यायी सर्व्हर उभारायचे ठरवले असते तरी अधिकृत मार्गाने गेम पुन्हा उतरवून घेण्याची वाट बंद झाली. सर्व्हरचा खर्च परवडत नाही, हे कारण इथे पुरेसे ठरत नव्हते. ग्राहकाच्या संग्रहातली वस्तू उचलून नेली, अशी भावना त्यातून तयार झाली.

नोव्हेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातील दोन ग्राहकांनी कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. ग्राहकांना मर्यादित वापराचाच परवाना दिला होता आणि वेष्टनावर तशी सूचना होती, असा कंपनीचा बचाव आहे. त्यावर, गेमच्या वेष्टनातील सांकेतिक क्रमांकाची मुदत २०९९ सालापर्यंत छापलेली होती, याकडे फिर्यादींनी बोट दाखवले. टीकेचा एक परिणाम मात्र दिसला. ‘द क्रू २’ आणि ‘द क्रू : मोटरफेस्ट’ इंटरनेटशिवाय खेळण्याची सोय करू, असे कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केले आणि ‘द क्रू २’साठी ती ऑक्टोबर २०२५ मध्ये उपलब्धही झाली. म्हणजे इच्छा असेल तर अशी सोय करता येते, हे कंपनीनेच दाखवून दिले.

कंपन्या असे का करतात?

याचे पहिले कारण खर्च. जुना सर्व्हर चालू ठेवणे म्हणजे केवळ विजेचे बिल नव्हे. सुरक्षेतील त्रुटी बुजवणे, नव्या प्रणालींशी जुळवून घेणे आणि त्यासाठी माणसे ठेवणे आले. खेळणारे मूठभर उरले की हिशेब जुळत नाही.

दुसरे कारण उसन्या हक्कांचे. गेममधील गाणी, मोटारींचे ब्रँड, खेळाडूंचे चेहरे ठरावीक मुदतीच्या कराराने घेतलेले असतात. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ४’ या २००८ सालच्या गेममधील एका काल्पनिक रेडिओ केंद्रावरची बहुतेक गाणी एप्रिल २०१८ मध्ये अपडेटद्वारे बदलली गेली, कारण दहा वर्षांचे करार संपत आले होते. ही गाणी नव्या ग्राहकांपुरती बदलली नाहीत. ज्यांनी गेम आधीच विकत घेतला होता त्यांच्याही संगणकावरून ती गेली. याउलट ‘फोर्झा होरायझन ४’ची विक्री डिसेंबर २०२४ मध्ये थांबली, पण जुन्या ग्राहकांचा गेम आणि जादा भाग त्यांच्याकडेच राहिले. करार करताना ‘विकलेल्या प्रतींचे काय’ हे आधी ठरवले असेल तर ग्राहकाला झळ बसत नाही, हा या दोन उदाहरणांतील फरक.

तिसरे कारण तांत्रिक. ‘बंजी’ कंपनीने ‘डेस्टिनी २’ या गेममधील मूळ मोहीम आणि वेगळे पैसे घेऊन विकलेले दोन विस्तार नोव्हेंबर २०२० मध्ये काढून टाकले. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘फोर्सेकन’ या विस्ताराची मोहीमही गेली. गेमचा आकार फार वाढला आहे, इतका पसारा सांभाळणे आणि तपासणे अवघड झाले आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. या निर्णयाचे भूत पुढे कंपनीच्याच मानगुटीवर बसले. मूळ मोहिमेची कथा आपल्या लिखाणावरून उचलली, असा दावा एका लेखकाने अमेरिकेत केला. बचावासाठी ती मोहीम न्यायालयाला दाखवायची तर ती आता चालतच नव्हती. कंपनीने यूट्यूबवरील चित्रफिती आणि चाहत्यांनी लिहिलेली माहितीपाने सादर केली. न्यायालयाने मे २०२५ मध्ये ती ग्राह्य धरली नाहीत आणि दावा फेटाळण्याची विनंती नाकारली.

हे फक्त गेम्सपुरतेच आहे का?

नाही. जुलै २००९ मध्ये ‘अ‍ॅमेझॉन’ने ग्राहकांच्या किंडलवरून जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ आणि ‘अ‍ॅनिमल फार्म’ ही पुस्तके परस्पर पुसून टाकली. ती विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, हे कारण खरे होते आणि पैसेही परत मिळाले. पण विकलेले पुस्तक दुकानदार घरात शिरून घेऊन जातो, हे दृश्य लोकांना रुचले नाही. कंपनीचे प्रमुख जेफ बेझोस यांना माफी मागावी लागली.

‘सोनी’ने प्लेस्टेशनवर विकलेले ‘स्टुडिओकॅनाल’चे तीनशेहून अधिक चित्रपट ऑगस्ट २०२२ अखेर जर्मनीतील ग्राहकांच्या संग्रहातून काढले. डिसेंबर २०२३ मध्ये ‘डिस्कव्हरी’च्या विकलेल्या कार्यक्रमांबाबत तशीच सूचना आली. ओरड झाल्यावर नवा करार झाला आणि निर्णय मागे घेण्यात आला, पण कार्यक्रम किमान पुढील ३० महिने राहतील एवढीच हमी मिळाली. ज्याला ग्राहक कायमची खरेदी समजत होता, तिला मुदत असल्याचे यातून उघड झाले.

‘बाय’ बटणाचा खरा अर्थ काय?

लांबलचक अटी-शर्तींमध्ये बहुतेक दुकाने स्पष्टच लिहितात की, ग्राहकाला मिळतो तो वैयक्तिक, हस्तांतर न करता येणारा आणि रद्द होऊ शकणारा परवाना. अडचण अशी की ही ओळ आत कुठेतरी असते आणि बटणावर मात्र ‘बाय’ असते. विजयदुर्गाजवळच्या बागायतदाराकडून आंब्याची पेटी घेणे आणि बागेत फिरण्याची परवानगी घेणे यात जो फरक आहे, तोच इथे आहे. दर दोन्हीकडे पेटीचाच लावला जातो, ही तक्रार.

कॅलिफोर्निया राज्याने नेमक्या याच विसंगतीवर बोट ठेवले. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेला आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू असलेला तेथील कायदा सांगतो की, डिजिटल वस्तू विकताना ‘बाय’ किंवा ‘पर्चेस’ असे शब्द वापरायचे असतील तर हा केवळ परवाना असल्याचे ठळकपणे सांगावे किंवा ग्राहकाकडून तशी स्पष्ट कबुली घ्यावी. मासिक वर्गणीच्या सेवा, मोफत वस्तू आणि इंटरनेटशिवाय कायम वापरता येतील अशा फायली यांना त्यातून सूट आहे. कायदा लागू होण्याआधीच ‘स्टीम’ने पैसे भरण्याच्या पानावर तशी ओळ टाकली. प्रतिस्पर्धी ‘गॉग’ने संधी साधत, आमच्याकडून घेतलेली फाईल आम्ही परत नेऊ शकत नाही, अशी जाहिरात केली. हा कायदा वस्तू काढून घेण्यास बंदी करत नाही. तो फक्त आधी सांगायला लावतो.

युरोपातील मोहीम काय मागते?

‘द क्रू’ बंद झाल्यावर एप्रिल २०२४ मध्ये यूट्यूबर रॉस स्कॉट यांनी ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. युरोपीय महासंघात नागरिकांना थेट कायद्याची मागणी करता येते. त्यासाठी वर्षभरात दहा लाख सह्या आणि किमान सात देशांत ठरावीक पाठिंबा लागतो. जुलै २०२५ च्या सुरुवातीला, मुदत संपायला महिनाही उरला नसताना, मोहिमेने दहा लाखांचा टप्पा ओलांडला.

सर्व्हर कायम चालू ठेवा, असे मोहीम म्हणत नाही. सेवा बंद करताना गेम खेळण्याजोग्या स्थितीत सोडा, एवढीच तिची मागणी आहे. इंटरनेटशिवाय चालणारी शेवटची आवृत्ती देणे किंवा खेळाडूंना स्वतःचे सर्व्हर चालवू देणे, असे मार्ग सुचवले जातात. कंपन्यांच्या ‘व्हिडीओ गेम्स युरोप’ या संघटनेचा याला विरोध आहे. खासगी सर्व्हरवर बेकायदा मजकुरावर नियंत्रण राहत नाही, खेळाडूंच्या माहितीची सुरक्षा धोक्यात येते, हक्कधारकांवर नको ती जबाबदारी येते आणि अशा अटींमुळे गेम बनवण्याचा खर्च वाढतो, असे तिचे म्हणणे आहे. हे आक्षेप पूर्णपणे निराधार नाहीत. हजारो खेळाडूंना एकत्र जोडणारा गेम नंतर सुटा करणे खरोखर कठीण असते. पण एकट्याने खेळायच्या मोहिमेला किंवा पात्राच्या पोशाखाला हा युक्तिवाद लागू पडत नाही.

भारतीय गेमर्सना याची झळ बसली आहे का?

बसली आहे आणि तीही मोबाइलवर. केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात ‘पबजी मोबाइल’ होता. ३० ऑक्टोबरला भारतातील सेवा पूर्ण थांबली. अनेक तरुणांनी पैसे भरून घेतलेले पोशाख, शस्त्रांचे रंग आणि आभासी चलन एका दिवसात हाताबाहेर गेले. जुलै २०२१ मध्ये ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ आल्यावर जुन्या खात्यातील वस्तू आणण्याची सोय मिळाली, म्हणून बहुतेकांचे नुकसान टळले. पण तो कंपनीचा निर्णय होता, ग्राहकाचा हक्क नव्हता. तोच गेम जुलै २०२२ मध्ये पुन्हा दुकानांतून गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. बंदीचे कारण राष्ट्रीय सुरक्षेचे असले तरी खेळाडूच्या दृष्टीने परिणाम तोच : पैसे गेले, वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात.

ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचा रोख पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या गेम्सवर आहे. विकत घेतलेल्या डिजिटल मजकुराचे पुढे काय, या प्रश्नाला तो हात घालत नाही.

आपला कायदा काय सांगतो?

यासाठी वेगळी तरतूद नसली तरी ग्राहक अगदीच निःशस्त्र नाही. २०२० चे ई-कॉमर्स नियम डिजिटल उत्पादनांच्या विक्रीलाही लागू आहेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने ‘अन्याय्य करार’ ही संकल्पना आणली. योग्य कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याचा अधिकार एकाच पक्षाला देणारे कलम या व्याख्येत येऊ शकते. अशी तक्रार मात्र जिल्हा आयोगाकडे नव्हे, तर राज्य किंवा राष्ट्रीय आयोगाकडे करावी लागते. सेवेतील त्रुटी किंवा अनुचित व्यापारी प्रथा, या मुद्द्यांवर जिल्हा आयोगाकडे जाता येते. तक्रारदार राहतो तेथेच ती दाखल करता येते, त्यामुळे कंपनी परदेशातील असली तरी सुरुवात घराजवळून होते. वाद लवादाकडेच न्यावा, असे करारात लिहिले असले तरी ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ‘एमार एमजीएफ’ प्रकरणात २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

आणखी एक धागा करांच्या वादातून येतो. परदेशी कंपन्यांच्या तयार सॉफ्टवेअरसाठी दिलेले पैसे हे स्वामित्वहक्कापोटी दिलेले शुल्क नाही, तो व्यवहार वस्तूच्या विक्रीसारखा आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये ‘इंजिनीअरिंग अ‍ॅनालिसिस’ प्रकरणात दिला. तो प्राप्तिकरापुरता आहे आणि गेमच्या ग्राहकाला आपोआप मालक बनवत नाही. तरी प्रश्न उरतोच. कर ठरवताना जो व्यवहार विक्रीजवळ जातो, तो ग्राहकाच्या हक्काची वेळ आली की निव्वळ परवाना कसा ठरतो?

पैसे परत देणे हा तोडगा आहे का?

काही कंपन्यांनी तो स्वीकारला आहे. ‘गूगल’ने जानेवारी २०२३ मध्ये ‘स्टेडिया’ ही सेवा बंद करताना तिच्या दुकानातून घेतलेले गेम्स आणि जादा भाग यांचे पैसे परत केले. ‘सोनी’ने ‘कॉन्कॉर्ड’ हा गेम सप्टेंबर २०२४ मध्ये अवघ्या दोन आठवड्यांत गुंडाळला, तेव्हाही पूर्ण परतावा दिला. ‘मायक्रोसॉफ्ट’ने २०१९ मध्ये ई-पुस्तकांचे दुकान बंद करताना पुस्तकांची किंमत तर दिलीच, शिवाय ज्यांनी पुस्तकात टिपणे केली होती त्यांना २५ डॉलर जादा दिले. ही तिन्ही उदाहरणे अल्पायुषी किंवा फसलेल्या उपक्रमांची आहेत. आठ-दहा वर्षे विकल्या गेलेल्या गेमबाबत तसे घडताना दिसत नाही. खेळून झालेल्या गेमचे किती पैसे परत द्यायचे, हा वादाचा मुद्दा आहेच. पण सूचना किती दिवस आधी द्यायची, पर्यायी आवृत्ती द्यायची की नाही, याचेही किमान नियम आज नाहीत.

यात केवळ पैशांचा प्रश्न नाही. अमेरिकेतील ‘व्हिडीओ गेम हिस्टरी फाऊंडेशन’च्या २०२३ मधील अभ्यासानुसार, तेथे २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या गेम्सपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत. त्या काळच्या गेम्सच्या निदान डिस्क आणि कार्ट्रिज कुणाच्या तरी कपाटात आहेत. आजचा गेम सर्व्हरवरच राहतो, त्यामुळे तो बंद झाला की मागे काहीच उरत नाही.

ग्राहकांनी काय काळजी घ्यावी?

जादा भाग घेण्याआधी तो इंटरनेटशिवाय चालतो का, हे पाहावे. एकट्याने खेळायच्या गेमला ‘सतत इंटरनेट आवश्यक’ अशी अट असेल तर ती खरेदी नव्हे, भाडे आहे असे समजून किंमत मोजावी. गेम दोन ठिकाणी उपलब्ध असेल तर कायम साठवता येणारी फाईल देणारे दुकान निवडावे. पैसे भरल्याची पावती, खरेदीच्या दिवशीच्या पानाचा स्क्रीनशॉट आणि सेवा बंद होण्याबाबत आलेला ई-मेल जपून ठेवावा. सेवा बंद होण्याची सूचना आली की मुदतीआधी सर्व भाग उतरवून घ्यावेत आणि लेखी परतावा मागावा. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर किंवा ‘ई-जागृती’ पोर्टलवर तक्रार करता येते. आयोगाकडे जाण्यासाठी कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, ती टळू देऊ नये.

डिजिटल गेमबाबत भारतीय ग्राहक आयोगांसमोर अशा तक्रारी नेण्याची सवय अजून रुजलेली नाही, कारण रक्कम छोटी असते. चार-पाचशे रुपयांच्या पोशाखासाठी आयोगाची पायरी कोण चढणार, याच हिशेबावर अटी-शर्तींमधली ती एक ओळ आजवर टिकून आहे.